पिरोज्याची माळ आणि बाजीरावांचा अंगठा

दोह्यात माणसाची पहिली चौकशी कंपनीवरून होते. "कंपनी कोणती?" हे आधी, नाव मागाहून, आणि गाव तर कुणी विचारतच नाही. बाजीराव पटवेकर दहा वर्षं ह्या प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते: ट्रान्सपोर्ट कंपनी, बस नंबर अठ्ठेचाळीस. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पवरून पहाटे साडेचारला माणसं भरायची, स्टेडियमच्या साइटवर उतरवायची, संध्याकाळी गोळा करून परत आणायची. फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियमं त्यांनी खड्ड्यापासून छपरापर्यंत चढताना पाहिली. आत जाऊन एकदाही बसले नाहीत, पण कुठल्या गेटावर चहा बरा मिळतो ते झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

हे झालं शनिवार ते गुरुवारचं. शुक्रवारचे बाजीराव निराळेच. सकाळी अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून ते एक पत्र्याची पेटी काखोटीला मारायचे आणि निघायचे. पेटीत रेशमाची रिळं, सुती दोरा, मेणाची वडी, सुया, कात्री आणि काळ्या मण्यांची पुडी. कारण बस चालवणं हे त्यांचं पोट, आणि पटवेकरीपण हे त्यांचं हाड. आता पटवेकरी म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं, काय करता! सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात राहतो पटवेकऱ्याच्या दोऱ्यावर. मंगळसूत्र, बोरमाळ, ठुशी, मोत्यांचे सर, सगळं ओवायचं, गाठवायचं, मागे दोरा गुंडाळून सरकती गाठ मारायची, ही त्यांची विद्या. बार्शीत त्यांच्या वडिलांच्या ओट्यावर लग्नसराईत बायकांची रांग लागायची. पुढे मशीनचे दागिने आले, रांग आटली, आणि बाजीरावांनी ड्रायव्हिंगचं लायसन काढलं.

कतारात सोनारांची दुकानं मायंदाळ, पण पटवेकरी औषधालाही नाही. त्यामुळे मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजीरावांचा नंबर फिरत असे. मंगळसूत्र तुटलं असं म्हणायचं नसतं, म्हणून मेसेज यायचा, "मामा, माझं वाढवलंय हो, शुक्रवारी येता का?" आणि मामा यायचे.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये, स्पर्धेला पाच महिने राहिले असताना, मुऐदरमधल्या मालविकाताईंचा मेसेज आला. "मामा, माझं नाही, दुसऱ्याचं आहे. आणि वाढवलं वगैरे काही नाही. मी तोडलंय. शुक्रवारी सकाळी या, नाहीतर मी मेले."

मालविका नाशिकची. मुशैरिबमधल्या एका नव्या हॉटेलात नोकरांना वळण लावायचं तिचं काम. जगभरातून पाहुणे येणार, तेव्हा कुणाशी कसं बोलायचं, कुणाला हात द्यायचा, कुणाला द्यायचा नाही, हे ती वेटरांना, दरवानांना शिकवी. तिच्या स्लाइडवरचा पहिलाच धडा मोठ्या लाल अक्षरांत होता: पायाचा तळवा कुणाकडेही करू नका, अपमान होतो. हा धडा तिनं इतक्या वेळा शिकवला होता की घरी सोफ्यावर पाय वर घेतला तर नवऱ्याच्याही अंगावर ओरडायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

शुक्रवारी बाजीराव पोचले तेव्हा ती दारातच उभी होती, डोळे सुजलेले.

"ताई, आदी चा टाका," बाजीराव म्हणाले. "मग सांगा."

चहा टाकता टाकता तिनं सांगितलं. तिच्याबरोबर लॉरेन याझी नावाची अमेरिकन बाई काम करते. अमेरिकन म्हणजे गोरी नव्हे. तिकडचे मूळचे लोक, नवाहो, त्यांच्यातली. तिच्या गळ्यात तिच्या आजीची पिरोज्याची, म्हणजे निळ्या टर्कॉइज खड्याची, माळ असते. गुरुवारी ऑफिसात मालविकानं नको तेवढं कौतुक केलं, लॉरेननं मोठ्या मनानं माळ काढून हिच्या गळ्यात घातली, हिनं मान वळवून आरशात बघितलं, माळ केसांच्या क्लिपमध्ये अडकली, हिनं ओढली, आणि तडाड! मणी संगमरवरावर चहूकडे. दोघी जणी रांगत होत्या, लिफ्टपाशी बसलेला रहमान नावाचा सिक्युरिटीवालासुद्धा टॉर्च घेऊन पालथा पडला होता.

"सगळे सापडले?"

"सगळे. पण मामा, ती आज रात्री घरी चाललीय. तिच्या भाचीचं कार्य आहे. मुलगी शहाणी झाली की त्यांच्यात चार दिवसांचा मोठा समारंभ असतो. घरातले पिरोजे तिच्या अंगावर घालतात आणि ती रोज पहाटे पूर्वेकडे धावत जाते. पणजीची माळ तिच्या गळ्यात हवी. लॉरेनची आई तिकडे वाट बघतेय, आणि तिला अजून माहीत नाही की माळ तुटलीय! लॉरेन संध्याकाळी सहाला न्यायला येणार."

"मंजी माळ नुसती घालायची न्हाई," बाजीराव म्हणाले. "ती घालून पळायचंय."

"हो. आणि धावताना तुटली तर..."

"आणा हिकडं."

तिनं एक स्टीलचा डबा पुढे केला. बाजीरावांनी उघडला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहराच पालटला.

"ह्यात पोहे व्हते?"

"धुतला होता हो डबा!"

"ताई, पिरोजा त्याल पितो. दोन दिस अजून ऱ्हायला असता तर हिरवा झाला असता. पोह्याच्या डब्यात कुनी पिरोजा ठिवतं व्हय!" आणि ते ओल्या, पिळून काढलेल्या फडक्यानं एकेक मणी पुसून पांढऱ्या पंचावर मांडू लागले.

मग मात्र ते एकेक मणी उजेडाकडे धरून बघू लागले. आयुष्यात त्यांनी खूप मणी हाताळले होते, पण असा माल पाहिला नव्हता. एकही मणी दुसऱ्यासारखा नाही. कुणी निळा, कुणी हिरवटलेला, कुणाच्या अंगावर तपकिरी रेघा. कडा हातानं घासलेल्या, भोकं हातानं पाडलेली, किंचित तिरकी. मागच्या बाजूला बारीक मणी, पुढे येता येता मोठे. मधूनमधून पांढरे शिंपल्याचे. आणि दोन लहान फेरे वेगळे, अजून शाबूत, त्यांच्या तळाशी लालसर शिंपल्याचे तुकडे.

"ह्या दोन वाट्या हायेत," बाजीराव बोटानं दाखवत म्हणाले. "एक माहेरची, एक सासरची."

"नाही मामा, ती म्हणाली ही कानातली आहेत. कानात नसली की माळेला खाली बांधून ठेवतात."

"असं व्हय?" त्यांना जरा वाईट वाटलं. मग त्यांनी डब्याच्या तळातून जुन्या दोऱ्याचा तुकडा उचलला. मानेमागे येणारा दोरा तो. सुती, जाडसर, आणि त्यावर दुसरा दोरा गच्च, एकाला एक चिकटून गुंडाळलेला. बाजीरावांनी चष्मा वर केला, खाली केला. तुकडा खिडकीपाशी नेला.

"ताई," ते म्हणाले, आणि आवाज जरा बदलला होता, "ही गुंडाळी माज्या आईची हाय."

"काहीतरीच काय!"

"म्हंजी तिची न्हाई, पन तिचीच. अशीच गुंडाळायची ती. शेवट आत दाबून टाकायची, कुठं सुरू झालं, कुठं संपलं, कळू द्यायची न्हाई. सातासमुद्रापलीकडं कोन बाई बसलीय आनि माज्या आईसारकं काम करतीय! आता बोला!"

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. मग उठून मोरीत गेले, दोन्ही पाय साबणानं धुतले, टॉवेलनं पुसले, हॉलमध्ये सतरंजीवर बसले, उजव्या पायाच्या अंगठ्याला नमस्कार केला, दोऱ्याला मेण लावलं, त्याचा फास अंगठ्यात अडकवला आणि पहिला मणी ओवला.

मालविका किंचाळलीच.

"मामा! पाय?"

"मग काय?"

"अहो, तिच्या आजीची वस्तू आहे! त्यांच्यात पवित्र मानतात पिरोजा! आणि तुम्ही पायाला बांधताय? ती आली आणि तिनं पाहिलं तर? आधीच मी तोडून ठेवलीय!"

बाजीरावांनी शांतपणे समजावलं की पटवेकरी अंगठ्यावरच काम करतो, वडील करत होते, आजोबा करत होते, देवीचे दागिनेसुद्धा ह्याच अंगठ्यावर गाठवलेत, आणि आधी नमस्कार करतो तो उगीच नाही. पण मालविकाच्या डोळ्यांपुढे लाल अक्षरांतली स्लाइड नाचत होती. "नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "डायनिंग टेबलावर करा. खुर्चीला बांधा. माझ्यासाठी!" एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण काय म्हणता, तिनं नवऱ्याचे फुटबॉलचे मोजे आणून दिले, गुडघ्यापर्यंतचे, किरमिजी, आणि म्हणाली, "हे घालून बसा, म्हणजे चुकूनसुद्धा..."

बाजीरावांनी त्या मोज्यांकडे पाहिलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मोजे चढवले. पोरीच्या जिवाला घोर लागलाय, जाऊ दे.

पण काम जमेना! खुर्चीच्या पाठीला दोरा बांधला, मणी ओवले, गाठ ओढली की खुर्ची सरके. सोफ्याला बांधला तर सोफा हलायचं नाव घेईना, आणि दोरा मण्याच्या तिरक्या भोकात करकरायचा. दाराच्या कडीला बांधून पाहिला. तेवढ्यात नवरा श्रेयस बाजारातून आला, त्यानं बाहेरून दार उघडलं, आणि अर्धी माळ पुन्हा जमिनीवर. बिचारा पिशव्यांसकट बाहेरच उभा राहिला आणि मग हळूच जिममध्ये निघून गेला. दुपारपर्यंत तीनदा ओवून तीनदा उसवलं. चौथ्यांदा माळ पुरी झाली, मालविकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाजीरावांनी माळ दोन्ही हातांत धरली आणि एक झटका दिला, धावणाऱ्या पोरीच्या छातीवर बसेल तेवढा. दोरा तट्‌कन तुटला.

"मामा, तुम्ही मुद्दाम तोडलीत!"

"मग काय तिकडं तुटू देऊ?" बाजीराव आता खरंच चिडले. "ताई, खुर्चीला काय कळतंय? अंगठा जित्ता असतोय. दोरा ताणला की त्यो फुडं येतोय, ढिला पडला की मागं सरतोय. मन्याला इजा न्हाई, दोऱ्याला इजा न्हाई. तुमी माजा एक हात काढून घेतलाय आनि म्हंताय, वाजवा टाळी!"

मालविकालाही ते दिसत होतं. पण दिसणं निराळं आणि धीर होणं निराळं. ती म्हणाली, "एकदा, शेवटचं एकदा करून बघा." बाजीराव मुकाट्यानं मणी गोळा करू लागले. त्यांना वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं. आईच्या हातासारखं काम समोर होतं, आणि ते आपल्या हातून बिघडणार होतं.

आणि सहाला येणारी लॉरेन चारलाच आली.

पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, हसऱ्या तोंडाची बाई. एअरपोर्टवर गर्दी असेल म्हणून लवकर निघाले, म्हणाली. तिनं टेबलावर पाहिलं. मणी अजून सुटेच होते. हसणं मावळलं.

मालविका इंग्रजीत भराभर बोलायला लागली. थोडा उशीर, जुने मणी, तिरकी भोकं, काळजी करू नकोस. खोटं असं एकही वाक्य नव्हतं आणि खरं असंही एक नव्हतं. बाजीरावांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माणूस गुळमुळीत बोलतोय हे कळायला भाषा लागत नाही. ते उठले.

"मॅडम," ते म्हणाले, "नो गुड. आय मेक नो गुड. सॉरी." आणि त्यांनी मण्यांचा पंचा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. खराब काम देण्यापेक्षा काम परत देणं बरं, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. दिलं खरं, पण डोळ्यांत पाणी आलं ते काही लपेना.

लॉरेननं पंचा घेतला नाही. "का जमत नाही?" तिनं विचारलं. "तुम्हाला येतं हे मला दिसतंय. मग का?"

त्यातला 'व्हाय' बाजीरावांनाही कळला. मालविका उगाच खुर्च्या सरळ करायला लागली, आणि मग त्यांचा संयम खलास झाला. ते पंचा टेबलावर ठेवून खुर्चीत बसले, उजव्या पायाचा किरमिजी मोजा खेचून काढला आणि पाय सरळ पाहुणीसमोर धरला, तळव्यासकट. "धिस! मॅडम, धिस वॉन्ट!"

मालविकानं डोळे मिटून घेतले. नोकरी, मैत्री, इभ्रत, सगळं गेलं असंच तिला वाटलं.

लॉरेन खाली वाकली. बाजीरावांच्या अंगठ्याच्या मुळाशी एक खाच होती. लहानपणापासून दोरा बसून बसून पडलेली, अंगठी काढून ठेवल्यावर बोटावर राहते तशी. लॉरेन त्या खाचेकडे बघत राहिली, आणि मग ती बाई अशी हसली, अशी हसली, की तिला जमिनीवरच बसावं लागलं.

"माझ्या आजीच्या पायाला हीच खाच होती!" ती म्हणाली. पुढचं तिचं बोलणं मालविका डोळे पुसत पुसत मराठीत सांगू लागली. "पुढे तिचे गुडघे गेले. पाय जवळ घेता येईना. मग ती मला समोर बसवायची आणि माझ्या अंगठ्याला दोरा लावायची. मी हलले की डोक्यात टप्पल. ही माळ शेवटची ओवली ना, ती माझ्या अंगठ्यावर. मी नऊ वर्षांची होते." आणि लॉरेननं मालविकाकडे वळून विचारलं, "तू ह्यांना मोजे का घातलेस?"

मालविकानं जमिनीवर पडलेला मोजा उचलून पाठीमागे लपवला.

मग काम सुरू झालं. सतरंजी पुन्हा अंथरली. बाजीराव बसले, नमस्कार केला, फास अडकवला, आणि मणी असे सरसर जाऊ लागले की जणू त्यांना आपापली जागा आठवत होती. दर मण्याला दोरा ताणायचा, अंगठा हलकेच पुढे यायचा, पुन्हा मागे जायचा. ओवलेली माळ त्यांनी दोन्ही हातांत धरून झटकली. मालविकानं कानांवर हात ठेवले. माळ होती तशी राहिली.

आता राहिली मागची गुंडाळी. तेवढ्यात लॉरेननं बूट काढला, बाजीरावांसमोर बैठक मारली आणि आपला पाय पुढे केला.

"न्हाई न्हाई मॅडम! माजा हाय की!"

"तिला तिच्या अंगठ्यावर हवंय, मामा," मालविका म्हणाली. "करा."

बाजीरावांनी क्षणभर विचार केला. परक्या बाईच्या पायाला हात लावायचा! मग त्यांनी तेच केलं जे स्वतःच्या अंगठ्यापुढे दर शुक्रवारी करत होते. त्या पायाला वाकून नमस्कार केला आणि फास अडकवला. लॉरेनचं हसू थांबलं. तीही हात जोडून बसली, आणि सबंध अर्धा तास पाय तिळमात्र हलवला नाही. बाजीराव गुंडाळत होते, एकाला एक चिकटवून, आई करायची तसं. शेवटच्या वळशात त्यांनी पुडीतला एक काळा मणी उचलला आणि मालविकाकडे पाहिलं. "विचारा त्यास्नी. पळनाऱ्या पोरीला दिष्ट लागू नये म्हनून. आत टाकतो, दिसायचा न्हाई." लॉरेननं होकारार्थी मान हलवली. मणी दोऱ्याच्या पोटात गेला, शेवट आत दाबला गेला, आणि कुठं सुरू झालं, कुठं संपलं ते दिसेनासं झालं.

साडेपाचला माळ तिच्या गळ्यात होती. "शुक्रन," ती बाजीरावांना म्हणाली, कारण आभार मानायला दोघांना मिळून येणारा तेवढाच अरबी शब्द होता. "यल्ला, यल्ला, चला, इमान चुकंल," बाजीराव म्हणाले.

सोमवारी मुशैरिबमध्ये तळव्याची स्लाइड आली तेव्हा मालविकाला हसू आवरेना. वेटर एकमेकांकडे बघत राहिले.

दहा दिवस गेले. बाजीराव रोज मनात एक झटका द्यायचे आणि दोरा तुटतो का बघायचे. मग एका संध्याकाळी, लुसैल स्टेडियमच्या गेटाबाहेर अठ्ठेचाळीस नंबरची बस उभी करून ते शिफ्ट सुटायची वाट बघत होते, तेव्हा मालविकाचा फोटो आला. लाल मातीचं मोकळं रान, नुकतं उजाडलेलं, आणि एक पोरगी केस सोडून धावतेय. गळ्यातली माळ हवेत उडालीय. मागे सगळे नातेवाईक धापा टाकतायत, त्यांनी तिच्या पुढे जायचं नसतं म्हणे. मग मालविकाचा आवाज आला.

"मामा, चारही दिवस धावली. एक मणी सांडला नाही! आणि ऐका, लॉरेननं आईला सगळं सांगून टाकलं. तर म्हातारीनं मागचा दोरा बोटांनी चाचपला, खूप वेळ चाचपला, आणि विचारलं, हे कुणाचं काम? लॉरेन म्हणाली, कतारमध्ये एक बस ड्रायव्हर आहे. म्हातारी रागावली. म्हणाली, तो काय चालवतो ते नाही विचारलं मी. तो कुणाचा? त्याच्या आईकडचे कोण, वडिलांकडचे कोण? त्यांच्यात माणसाची ओळख अशीच विचारतात, मामा. तेव्हा सांगा, काय कळवू?"

बाजीरावांनी तो निरोप पुन्हा ऐकला, मग पुन्हा एकदा. दहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हेल्मेटं हातात घेतलेली माणसं बसमध्ये चढू लागली होती. बाजीरावांनी एसी लावला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि फोन तोंडाजवळ धरून, गावच्या ओट्यावर बसून सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं:

"त्यास्नी कळवा, ताई. मी बाजीराव. यशवंता पटवेकऱ्याचा ल्योक, भगवंताच्या बार्शीचा. आई वैरागची, चंद्रभागा तिचं नाव. गुंडाळी तिची हाय, मी निस्ता हात लावला."